वहिनीचा डावा हात

आमच्या दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, एक खोटा हात आहे. सुती हातमोज्यात कापूस ठासून भरलेला, मनगटाशी सुतळीनं आवळलेला, आणि बांबूच्या काठीवर बसवलेला. तो मी शिवून दिला तेव्हा साधा होता. बायांनी त्याला दुसऱ्याच दिवशी हिरव्या बांगड्या चढवल्या आणि नाव ठेवलं, सासूचा हात. रोज पाळी सुरू होण्याआधी तो मशीनच्या तोंडात घालायचा आणि मशीन थांबते की नाही ते बघायचं, एवढंच त्याचं काम. "अवो, सासूले आना!" असं कोणी तरी ओरडतं आणि सगळ्या हसत सुटतात.

मी प्रोग्रामर आहे. पगार हैदराबादच्या कंपनीचा आणि खुर्ची दिग्रसच्या घरातली, असं माझं चाललेलं असतं. पण हा हात आणि मशीनवर बसवलेली दोन कॅमेऱ्यांची भानगड ह्यांचा कंपनीशी काही संबंध नाही. ते मी वहिनीसाठी केलं.

वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको. आई गेली तेव्हा मी शाळेत होते, आणि ही घरात नवीन आलेली. भाऊ दिग्रस-दारव्हा जीप चालवायचा, अजूनही चालवतो. तो सकाळी गेला की घरात आम्ही दोघीच. हिनंच मला न्हाऊमाखू घातलं, हिनंच शाळेत पोचवलं, आणि मी इंजिनिअरिंगला जायचं म्हटलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली तर हीच पदर खोचून उभी राहिली. "तू शीक. हात माहे आहेत नं!" म्हणाली, आणि कापसाचा हंगाम सुरू झाल्यावर जिनिंगमध्ये कामाला लागली. आज मी काय आहे ते त्या हातांमुळे आहे. हे मी आधीच सांगून टाकते, शेवटासाठी राखून ठेवत नाही.

जिनिंगमध्ये रोलर फिरतात. ते कापसातली रुई ओढून घेतात आणि सरकी खाली पडते. कापूस तोंडाशी अडकला की तो पुढे लोटावा लागतो. त्यासाठी काठी दिलेली असते. पण काठीनं काम मागे पडतं, काम मागे पडलं की मुकादम ओरडतो, म्हणून बाया हातानंच लोटतात. काही हंगामांपूर्वी वहिनीच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईचा हात असाच आत गेला. त्या दिवशी वहिनी घरी आली, ताटावर बसली, स्वतःच्या हाताकडे बघत राहिली आणि न जेवता उठली. मी विचारलं तर म्हणाली, "उद्या सांगतो." उद्या काही सांगितलं नाही आणि कामावर गेली.

मला राग येतो तेव्हा मी प्रोग्राम लिहिते. दुसरं काही येत नाही मला.

मशीनच्या तोंडावर उजवीकडे एक कॅमेरा, डावीकडे एक, आणि बाजूला डब्यात बंद केलेला छोटा कॉम्प्युटर. तोंडाच्या आत एक रेषा मानलेली. हातासारखं काही त्या रेषेजवळ आलं की प्रोग्रामनं आधी ठरवायचं, हा हात आहे की कापसाचा गोळा. हात असेल आणि रेषा ओलांडली तर रोलर बंद. आणि एक गोष्ट मी हट्टानं करून घेतली होती. प्रोग्राम स्वतःच मेला तरी मशीन बंद पडली पाहिजे. राखणदार झोपला तर दार उघडं राहायला नको. जिनिंगचे मालक शेठ, त्यांना ते पटलं. माणूस वाईट नाही, पण धंद्याचा माणूस. "एका मशीनवर लावून पाहू," म्हणाले. "चाललं तर बाकीच्यावर."

हंगामाच्या मुहूर्ताला पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. शेठनी सासूचा हात घेतला आणि मशीनपुढे आले. तो हातमोजा उजव्या हाताचा होता. तरी मी म्हटलं, दोन्ही बाजूंनी घालून बघू. तर मुकादम माझ्यावरच डाफरला, "मुहूर्ताच्या कामाले डावा हात कायले मधात आनता?" आमच्या घरी शुभ-अशुभ कोणी मानत नाही, विहारात जाणारी माणसं आम्ही. पण दुसऱ्याच्या पूजेत उगाच कशाला वाद, म्हणून गप्प बसले. शेठनी उजवीकडून हात घातला, रोलर जागच्या जागी थांबले, बायांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून पायंडाच पडला. सासूचा हात रोज उजवीकडूनच आत जायचा.

आठवडाभरात तक्रारी सुरू झाल्या. मशीन मध्येच बंद पडायची. हात रेषेच्या पुढे नाही, काही नाही, आणि रोलर थांबलेले, स्क्रीन काळी. डबा बंद करून पुन्हा सुरू करावा लागायचा, तोवर कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत अडकून राहायच्या. आणि गंमत अशी की हे फक्त माझ्या वहिनीच्या पाळीत व्हायचं. दुसऱ्या बाया उभ्या असल्या की मशीन सासरी आलेल्या सुनेसारखी गुमान चालायची. वहिनी उभी राहिली की फुरंगटून बसायची.

मुकादमानं शब्द काढला, "पनवती."

एकदा शब्द निघाला की तो आवारभर फिरतो. चहाच्या टपरीवर ऐकू आला, मग जीपमध्ये माझ्या भावाला ऐकू आला. शनिवारी शेठनी मला बोलावून घेतलं. "ताई, तुमचं मशीन चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण एक तर डबा काढा नाही तर वहिनीला काढतो. हंगाम आहे, दोन्ही मले परवडत नाही. सोमवारी सांगा."

नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, इथे तर अंगणाला सोडून घरच्या बाईलाच वाकडी ठरवली होती! मी तावातावानं घरी आले आणि वहिनीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती भडकेल. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "मग बसतो मी घरी."

"काहून बसतं? चूक तुही नाही!"

"डबा काढला तं बाकीच्या बाया बिना राखनीच्या उभ्या राहतीन. मले काढलं तं मी एकलीच निघतो." सुपातला खडा उचलून तिनं बाजूला टाकला. "साधा हिशेब हाय. तू कायले रडून राह्यली?"

मी रडत नव्हते. मी चिडले होते, आणि माझ्या डोळ्यांना त्यातला फरक कळत नाही.

सोमवारच्या आत मला दोष शोधायचा होता. मेलेल्या प्रोग्रामनं मागे ठेवलेली खूण माझ्याकडे होती. हात की कापूस हे ठरवणारा जो मोठा हिशेब, त्याच्या मध्यावर तो दरवेळी मरत होता. पण तोच हिशेब माझ्या लॅपटॉपवर, जिनिंगमधलं चित्रण घालून, हजारदा चालवला तरी मरेना. शनिवारच्या आधीच एकदा संशय आला म्हणून मी कंपायलरला, म्हणजे मी लिहिलेलं कॉम्प्युटरच्या भाषेत उतरवून प्रोग्राम बनवणाऱ्याला, सांगितलं होतं, घाई नको, सावकाशीचा प्रोग्राम बनव. तो डब्यात घालून वहिनीच्या पाळीत चालवला होता तर तोही मेला नव्हता. पण इतका हळू की हात आत जाऊन बाहेर आला तरी त्याचा विचारच चालू. असला राखणदार काय कामाचा! वेगाचा घातला की पुन्हा मरण. त्या रविवारी सकाळी मी कॉम्प्युटरला ज्या शिव्या दिल्या, त्या मी जीपस्टँडवर शिकले आहे आणि इथे लिहिणार नाही.

वहिनी मागून आली. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, "अव माय, काय झिपऱ्या झाल्या! बस इकडं, वेनी घालून देतो."

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन तिच्या पुढ्यात खाली बसले. तिनं तेल लावलं, भांग पाडला आणि पेड घट्ट ओढला. माझी मान डावीकडे गेली. लहानपणापासून हे असंच. वहिनीनं घातलेली वेणी नेहमी डाव्या खांद्याकडे कलायची, आणि शाळेत पोरी मला "वाकडी वेणी" म्हणून चिडवायच्या. मी घरी येऊन भांडायचे. ती म्हणायची, "डावरी हाव मी, काय करू? माहेरी मार खाल्ला, तरी हात काही सुधरला नाही."

माझे हात कीबोर्डवर थांबले.

"वयनी, तू कापूस कोन्या हातानं लोटतं?"

"हे काय इचारनं झालं? डाव्या."

"आन बाकीच्या?"

"उजव्या. डाव्या हातानं पाटी धरतात. काहून?"

मी उठले तशी अर्धी वेणी तिच्या हातातच राहिली. उजव्या हातानं लोटणाऱ्या बायांचा हात उजव्या कॅमेऱ्यापुढे यायचा. वहिनीचा डाव्या. आख्ख्या जिनिंगमध्ये डाव्या कॅमेऱ्याला काम लावणारी बाई एकच होती, आणि सासूचा हात तर मुहूर्तापासून उजवीकडूनच जात होता. म्हणजे मरत होता तो डाव्या कॅमेऱ्याचा हिशेब. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी!

आता चोर कोण ते सांगते. जरा किचकट आहे, पण जिनिंगच्या आवारातूनच सांगते.

प्रोग्रामला काम करताना लागणारे आकडे तात्पुरते रचून ठेवायची जागा असते, तिला आम्ही स्टॅक म्हणतो. थप्पीच ती. आणि माझ्या प्रोग्राममध्ये एकाच वेळी दोघे राबत होते, एकेका कॅमेऱ्याला एकेक. त्यांना थ्रेड म्हणतात, आणि प्रत्येकाची थप्पी वेगळी. आवारात रुईच्या गाठी उचलायला चिमट्याची गाडी आहे, ती एकेक गाठ न उचलता चार गाठी एकदम उचलते. त्यासाठी जमिनीवर पट्टे मारलेत. थप्पी पट्ट्यावरून सुरू झाली तर चिमटा बरोबर बसतो. कोणी हातभर अलीकडून रचली तर चिमटा गाठीच्या पोटात घुसतो आणि सगळं काम ठप्प. कंपायलरला मी घाईचा प्रोग्राम बनव म्हटलं, तेव्हा त्यानं तेच केलं होतं. एकेक आकडा सोडून चार-चार आकडे एका झटक्यात उचलायचे. पण एकेक आकडा चार घरं अडवतो, म्हणून त्याची अट अशी, की थप्पीतली ती जागा सोळाच्या पाढ्यातल्या घरापासूनच सुरू झाली पाहिजे. नसली तर तो कुरकुर करत नाही, दुरुस्त करत नाही, जागीच मरतो.

उजव्या कॅमेऱ्याचा थ्रेड मी स्वतः सुरू केला होता, त्याची थप्पी पट्ट्यावर. डावा कॅमेरा मात्र मागाहून आलेला, कानामागून आला आणि तिखट झाला. तो दुसऱ्या बनावटीचा, आणि त्याच्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं. ते आपला थ्रेड आपणच सुरू करायचं आणि चित्रात हातासारखं काही दिसलं की माझ्या हिशेबाला हाक मारायचं. त्याच्या थप्पीला सोळाचा पाढा माहीतच नव्हता, ती चाराच्या पाढ्यात कुठूनही सुरू व्हायची. कधी योगायोगानं सोळात बसायची, तेव्हा चालून जायचं. नाही बसली की स्क्रीन काळी. माझ्या लॅपटॉपवर ते परकं सॉफ्टवेअरच नव्हतं, मग मरणार कसा?

हे कळल्यावर उपाय शोधायला वेळ लागला नाही. कुठल्या तरी देशातल्या, मी कधी न पाहिलेल्या माणसानं बऱ्याच वर्षांपूर्वी हाच त्रास भोगून, त्यावरचं औषध लिहून ठेवलं होतं. परक्या दारातून जी हाक येते, तिथेच कंपायलरला एका शब्दात सांगायचं, की आत पाऊल टाकायच्या आधी थप्पी पट्ट्यावर घे. एक शब्द! त्या माणसाचं भलं होवो. त्याला काय ठाऊक, की त्याचं लिहिणं दिग्रसच्या एका बाईच्या कामी येणार आहे.

वहिनी अर्धी वेणी घेऊन माझ्या मागे उभीच होती. "सापडलं?" म्हणाली.

"सापडलं. तुह्यामुळे सापडलं."

"मग बस नं खाली, वेनी तं पुरी करू दे."

सोमवारी सकाळी मी वहिनीसोबत जिनिंगमध्ये गेले. शेठ होते, मुकादम होता, पहिल्या पाळीच्या सगळ्या बाया होत्या. वहिनी मागे फाटकाशी उभी राहिली, जेवणाच्या डब्याची पिशवी पोटाशी धरून. ती परत पाठवली जाईल असं तिला अजूनही वाटत होतं. ते मला बघवेना.

मी डब्यात मुद्दाम जुनाच प्रोग्राम ठेवला. सासूचा हात उचलला आणि मुकादमाच्या हातात दिला. "भाऊ, आज तुमी घाला. पन डावीकडून."

"डावीकडून कायले?"

"माही वयनी तिकडं उभी आहे, मशीनपासून लांब. तिची सावलीबी पडून नाही राह्यली. घाला तं खरं."

त्यानं शेठकडे बघितलं. शेठनी होकारार्थी मान डोलावली. त्यानं डावीकडून हात मी खुणावलं तिथवर, रेषेच्या अलीकडेच नेला, मशीन चालूच राहिली, तो हसला. "पुन्हा घाला," मी म्हटलं. पुन्हा घातला, पुन्हा काही नाही. थप्पी योगायोगानं सोळात बसत होती, मी आणखी एकदा घालायला लावलं. तिसऱ्यांदा हात रेषेच्या अलीकडे असतानाच रोलर थांबले आणि स्क्रीन काळी झाली. मुकादम बांगड्या भरलेला हात काठीवर धरून तसाच उभा. मागून एक म्हातारी बाई ठसक्यात बोलली, "काहो मुकादम, आता पनवती कोन?"

असा हशा पिकला की पलीकडे गाठी बांधणाऱ्या प्रेसकडची माणसं बघायला आली. शेठही तोंडाला रुमाल लावून हसले.

मग मी नवा प्रोग्राम घातला आणि वहिनीला हाक मारली. ती आली. सासूचा हात तिनं डाव्या हातात घेतला आणि डावीकडून आत नेला, बाहेर काढला, पुन्हा नेला. रेषेच्या अलीकडे रोलर फिरत राहिले, रेषा ओलांडली की थांबले, स्क्रीन उजळलेलीच. मुकादमानं स्वतः घालून बघितलं, बाकीच्या बायांनी घालून बघितलं, शेठनी बघितलं. मेला नाही.

शेठ वहिनीला म्हणाले, "बाई, लागा कामाले." मुकादम स्वतः तिच्यासाठी चहा घेऊन आला, कपात, बशीसकट. त्याच्या बाजूनं ती माफी होती, आणि वहिनीनं ती घेतली. मी असते तर बशी परत केली असती. पण मी वहिनी नाही.

तेव्हापासून सासूचा हात रोज दोन्हीकडून आत जातो. आधी डावीकडून.

हंगाम सरत आला तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी वहिनी घरी आली, पाय धुतले आणि माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. "आज मशीन थांबली होती," म्हणाली.

"पुन्हा मेली? स्क्रीन काळी झाली?"

"नाही. बराबर थांबली."

मला समजायला वेळ लागला. ती आत आली आणि दोन्ही हात माझ्यापुढे पसरले. डाव्या हाताच्या बांगड्या दोनच उरल्या होत्या. बाकीच्या रोलरच्या तोंडाशी फुटल्या होत्या. मनगटावर एक बारीक ओरखडा.

"कापूस अडकला, मी लोटाले गेली, पाय घसरला," ती म्हणाली. "मोजून पाह्य बोटं."

मी तिची बोटं हातात घेतली आणि मोजली. एकदा मोजली, मग पुन्हा मोजली, आणि मग मोजता येईना, कारण मला नीट दिसेना.

"आता तं रडूनच राह्यली तू," वहिनी म्हणाली. डावा हात तिनं सोडवून घेतला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "सरक खाली. वेनी घालून देतो."